गोळीवरचे कवच आणि नळीची साक्ष

बेंगळुरू (जे. पी. नगर) : दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगरहून होसूर रस्त्याच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरवर मडिवाळा लागते. कर्नाटकची राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा तेथे आहे. ज्येष्ठ पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी रात्री याच शहरातील राजराजेश्वरीनगर येथे राहत्या घराच्या दाराशी गोळ्या झाडून हत्या झाली. त्याआधी दोन वर्षे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी, ज्येष्ठ संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची धारवाडमधील त्यांच्या घरी अशाच रीतीने हत्या झाली होती. दोन शहरांमध्ये चारशेहून अधिक किलोमीटरचे अंतर. दोन्ही हत्यांत ७.६५ मिलिमीटर मापाची काडतुसे वापरली गेली आणि ती एकाच गावठी पिस्तुलातून झाडली गेली, असा निष्कर्ष कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधारे न्यायालयापुढे मांडला. प्रयोगशाळेच्या टेबलावर पिस्तूल नव्हते. तेथे होत्या त्या केवळ गोळ्या आणि रिकाम्या पुंगळ्या.

पिस्तूल नसताना पिस्तुलाची ओळख पटते कशी, या प्रश्नाचे उत्तर गोळीवरच्या धातूच्या पातळ आवरणात दडलेले आहे. इंग्रजीत ज्याला जॅकेट म्हणतात ते हे कवच मिलिमीटरच्या अंशाएवढेच जाड असते. ते मुळात कोणाच्या ओळखीसाठी बनवले गेले नाही. बंदूक सुरळीत चालावी, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत या आवरणाभोवती युद्धाचा एक आंतरराष्ट्रीय नियम उभा राहिला आणि फौजदारी न्यायातील एक महत्त्वाचा, तितकाच वादग्रस्त, पुरावाही. पुणे, कोल्हापूर, धारवाड आणि बेंगळुरू या चार शहरांतील हत्यांच्या तपासात या पुराव्याचे बळ दिसले आणि त्याची मर्यादाही.

आधी एक शब्दभेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘सहा जिवंत गोळ्या सापडल्या’ असे वृत्तांत सर्रास छापले जाते. सापडतात ती काडतुसे. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की पिन टोपीवर आदळते, दारू पेटते, वायूचा दाब निर्माण होतो आणि पुढे जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते. स्वयंभरणाच्या पिस्तुलात ती बाजूला फेकली जाते आणि बहुधा घटनास्थळीच पडून राहते. कवच असते ते गोळीला, पुंगळीला नव्हे. न्यायालयातील उलटतपासणीतसुद्धा हा गोंधळ कधी कधी होतो आणि त्याचा फायदा हुशार वकील घेतात.

गोळी शिशाची का, याचे कारण साधे आहे. शिसे जड आहे, स्वस्त आहे आणि सहज ओतता येते. आकाराने लहान असूनही वजनदार असलेली वस्तू हवेत वेग लवकर गमावत नाही. मात्र शिसे मऊ आहे आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सियसला वितळते. काळ्या दारूच्या जमान्यात त्याने फारसे अडत नव्हते. त्या दारूने गोळीला मिळणारा वेग मर्यादित असे, आणि गोळीला चरबी किंवा मेण लावले की काम भागत असे. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली आणि हिशेब बदलला. दाब वाढला, वेग वाढला. बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि फिरणारी गोळी भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. नव्या वेगात उघडे शिसे या खाचांना धरून फिरेनासे झाले. ते खाचांवरून घसरू लागले, खरवडले जाऊ लागले आणि नळीला आतून शिशाचा लेप बसू लागला. काही डझन फैरींनंतर नेम बिघडे. लेप दाट झाला तर नळीतील दाब धोक्याच्या पातळीपर्यंत जाई.

उपाय स्वित्झर्लंडमध्ये सापडला. थून येथील शस्त्रागारातील अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच चढवलेली गोळी तयार केली. तांबे १,०८५ अंशांना वितळते. नळीच्या पोलादापेक्षा ते मऊ असल्याने खाचा त्यात रुततात, पण शिशाइतके मऊ नसल्याने ते खरवडून जात नाही. हा मधला गुण महत्त्वाचा. कवच पोलादाइतके कठीण असते तर नळी झिजली असती, शिशाइतके मऊ असते तर गोळी फिरली नसती. पुढे तांबे व निकेल यांचा मिश्रधातू वापरला गेला. आज सर्वाधिक प्रचलित आहे तो सुमारे ९० ते ९५ टक्के तांबे आणि उरलेले जस्त असा मिश्रधातू. काही देशांत तांब्याचा मुलामा दिलेले पातळ पोलादही वापरतात. फ्रान्सची १८८६ ची लेबेल रायफल आणि ब्रिटनची १८८८ ची ली-मेटफर्ड या दोन्ही शस्त्रांनी कवचधारी गोळी सैन्यात रूढ केली.

दुसरे कारण पिस्तुलांमुळे पुढे आले. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस आपल्या खणातच बसलेले असते. स्वयंभरणाच्या पिस्तुलात मात्र स्प्रिंग काडतूस वर ढकलते आणि सरकणारा भाग त्याला एका उतरणीवरून नळीच्या तोंडात लोटतो. हे सेकंदाच्या अंशात घडते. उघड्या शिशाचे टोक त्या उतरणीवर चेपले किंवा अडकले, तर पिस्तूल तेथेच थांबते. गोल, कठीण, गुळगुळीत टोक हवे होते आणि कवचाने ते दिले. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियममध्ये १८९९ च्या सुमारास बाजारात आलेले ७.६५ मिलिमीटरचे काडतूस हे याच गरजेचे अपत्य. भारतात ते ‘पॉइंट थ्री टू’ म्हणून ओळखले जाते. त्याची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची आणि तिचा व्यास प्रत्यक्षात ७.९ मिलिमीटरच्या आसपास असतो. नावातले माप आणि खरे माप यांचा मेळ शस्त्रांच्या व्यवहारात क्वचितच बसतो.

हे माप भारतातील गुन्हेगारीत इतके का दिसते, याचे एक कारण परवाना पद्धतीत आहे. ९ मिलिमीटरचे काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि सामान्य नागरिकाला मिळत नाही. ‘पॉइंट थ्री टू’ परवानाधारकाला कायदेशीर मार्गाने मिळू शकते. जे काडतूस खुल्या बाजारात आहे तेच गळतीने चोरबाजारात जाते, आणि गावठी पिस्तूल घडवणारा कारागीर ज्या मापाचे काडतूस मिळते त्याच मापाची नळी कोरतो.

हे कवच बनते कसे, ते महाराष्ट्रातील वाचकाला फार दूर जाऊन पाहावे लागणार नाही. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध कारखाना १९६४ चा. लहान शस्त्रांची काडतुसे बनवणाऱ्या देशातील प्रमुख केंद्रांत या दोहोंची गणना होते. धातूच्या पट्टीतून आधी लहान वाटीसारखा तुकडा कापला जातो. ही वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत नेली की लांबट टोपण तयार होते. त्यात शिशाचा गाभा दाबून बसवतात आणि बुडाकडील कडा आत वळवतात. म्हणजे ‘पूर्ण कवच’ म्हटल्या जाणाऱ्या गोळीचे टोक आणि बाजू झाकलेल्या असतात. बुडाशी मात्र बहुधा शिसे उघडेच असते. खडकीत बनलेल्या काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटवलेली असतात. पंचनाम्यात ही अक्षरे वारंवार भेटतात. त्यावरून काडतूस कोठे बनले हे कळते, कोणी झाडले हे नव्हे.

कवचाच्या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण भारताच्याच भूमीवर घडले. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्डच्या नव्या, पूर्ण कवचाच्या गोळ्या वापरल्या. त्या शत्रूच्या शरीरातून आरपार जात आणि जखमी योद्धा पुढे येतच राही, अशी तक्रार अधिकाऱ्यांनी केली. कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी उपाय केला. टोकावरचे कवच थोडे कमी करून शिसे उघडे ठेवायचे. अशी गोळी शरीरात शिरताच छत्रीसारखी फुलते, आपली सारी शक्ती आतच सोडते आणि जखम भयंकर करते. ‘डमडम’ हे गावाचे नाव त्यामुळे जगभरातील युद्धविषयक भाषेत शिरले. २९ जुलै १८९९ रोजी हेग परिषदेने जाहीरनामा करून शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. ज्यांचे कठीण आवरण गाभ्याला पूर्णपणे झाकत नाही किंवा ज्यावर चिरा दिलेल्या आहेत, अशा गोळ्यांचे उदाहरण त्यात दिले गेले. ब्रिटनने तेव्हा मान्यता दिली नाही. ती १९०७ मध्ये दिली. वसाहतीतील ‘रानटी’ शत्रू आणि युरोपातील ‘सभ्य’ शत्रू यांना वेगळी गोळी असावी, हा युक्तिवाद त्या काळी उघडपणे केला जात होता.

नळी स्वच्छ राहावी म्हणून आलेले कवच अशा रीतीने युद्धातील किमान माणुसकीची खूण ठरले. ही माणुसकी मर्यादित आहे हेही खरे. पूर्ण कवचाची गोळी सुद्धा माणूस मारते. शिवाय हेगचा नियम राष्ट्रांमधील युद्धाला लागू आहे, पोलिसांना नाही. अनेक देशांत पोलीस दले फुलणारी गोळीच वापरतात. कारण गर्दीत पूर्ण कवचाची गोळी एकातून निघून दुसऱ्याला लागण्याची भीती असते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये याच कारणासाठी बदल केला. एकच वस्तू रणांगणावर निषिद्ध आणि शहराच्या रस्त्यावर अधिक सुरक्षित ठरते, हा विरोधाभास वरकरणी वाटतो तितका अतार्किक नाही.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८७ मधील ‘फुल मेटल जॅकेट’ या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यातून ‘मेटल जॅकेट’ म्हणजे चिलखत भेदणारी गोळी, अशी समजूत रुजली. चिलखत भेदण्याचे काम कवच करत नाही, आतला कठीण गाभा करतो. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर झालेल्या हल्ल्यानंतर पोलादी गाभ्याच्या गोळ्यांची चर्चा झाली. दलाच्या बुलेटप्रूफ ढाली त्यांनी भेदल्याचे तेव्हा समोर आले होते. बाहेरून पाहता ती गोळी आणि साधी गोळी यांत फरक दिसणे कठीण. तांबूस रंग दोन्हीचा तोच.

आता मूळ प्रश्न. गोळी नळीतून जाते तेव्हा खाचांमधले उंचवटे तिच्या कवचात रुततात. ७.६५ च्या गोळीला साधारण सेकंदाला २८० मीटर वेग आणि नळीत दर २५ सेंटिमीटरला एक फेरा असा पीळ धरला, तर बाहेर पडताना ती सेकंदाला सुमारे १,१२० फेरे घेत असते. नळीतला तिचा मुक्काम सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. तेवढ्या वेळात दोन प्रकारच्या खुणा उमटतात. उंचवट्यांची संख्या, रुंदी आणि पिळाची दिशा ही पहिल्या प्रकारची. ती त्या बनावटीच्या सर्व शस्त्रांना समान असते आणि त्यावरून फक्त शस्त्राचा वर्ग कळतो. दुसऱ्या प्रकारच्या खुणा अतिसूक्ष्म ओरखड्यांच्या असतात. नळी कोरणाऱ्या हत्याराची धार, गंज, वापराची झीज यांनी नळीच्या आत जे खडबडीतपण राहते त्याचे ते ठसे. तज्ज्ञ शस्त्राची ‘सही’ म्हणतात ते यांना. तांब्याचे कवच येथे कागदाचे काम करते. उघड्या शिशावरही ओरखडे उमटतात, पण हाडावर आदळून शिसे चेपले की ते मिटतात. कवचावर ते अधिक काळ टिकतात. कवच फाटून शिशापासून वेगळे झाले, तरी एका तुकड्यावरचा एक पट्टासुद्धा उपयोगी पडू शकतो.

दोन गोळ्या एकाच वेळी शेजारी शेजारी पाहता येतील असा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक १९२५ च्या सुमारास अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी रूढ केला. तत्त्वतः आजही तेच उपकरण वापरात आहे. संशयित शस्त्र हाती असेल तर पाण्याच्या टाकीत किंवा कापसाने भरलेल्या पेटीत त्यातून चाचणीच्या गोळ्या झाडतात आणि त्या घटनास्थळीच्या गोळीशी पडताळतात. शस्त्र नसेल तर एका गुन्ह्यातील गोळी दुसऱ्या गुन्ह्यातील गोळीशी ताडून पाहण्याखेरीज मार्ग उरत नाही. गौरी लंकेश आणि कलबुर्गी प्रकरणांत हेच झाले.

गावठी पिस्तुलाने हे काम सोपेही होते आणि अवघडही. कारखान्यातील नळ्या एकाच यंत्रावर, एकापाठोपाठ बनतात. त्यामुळे त्यांच्या खुणांत साम्य असू शकते. हाताने कोरलेली नळी तशी दुसरी नसते. तिचे वेडेवाकडेपण हीच तिची ओळख. परंतु तिची मापे सैल असतात. गोळी खाचांत घट्ट बसण्याऐवजी डगमगत जाते, आणि एकाच नळीतून लागोपाठ झाडलेल्या दोन गोळ्यांवरही वेगळ्या खुणा येऊ शकतात. काही कट्ट्यांच्या नळीत खाचाच नसतात. अशा वेळी गोळीपेक्षा पुंगळी अधिक बोलते : टोपीवर पिनने पाडलेला खळगा, बुडावर उमटलेली मागच्या पत्र्याची छाप, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा ओरखडा. सर्वोच्च न्यायालयाने कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५० च्या दशकातील प्रकरणात मृताच्या खाटेजवळ सापडलेल्या काडतुसावरील अशाच खुणा आणि गावठी पिस्तूल यांच्या मेळावर विश्वास ठेवून शिक्षा कायम केली होती. त्या प्रकरणात पिस्तूल मात्र हाती होते.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणांत चित्र इतके स्वच्छ राहिले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर हत्या झाली. जानेवारी २०१४ मध्ये शस्त्रविक्रीचा संशय असलेल्या दोघांना अटक झाली. त्यांच्याकडून आलेल्या पिस्तुलाशी गोळ्यांच्या खुणा जुळत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. मुदतीत आरोपपत्र दाखल झाले नाही आणि दोघांना जामीन मिळाला. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रत्यक्ष गोळ्या झाडणारे म्हणून वेगळ्याच व्यक्तींवर आरोप ठेवले. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. पानसरे यांच्यावर वापरलेल्या दोन शस्त्रांपैकी एक दाभोलकर हत्येत आणि दुसरे कलबुर्गी हत्येत वापरले गेल्याचा कर्नाटकच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. मुंबई आणि बेंगळुरू येथील प्रयोगशाळांच्या मतांचा मेळ लागत नसल्याने अन्वेषण विभागाने गोळ्या लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडे पाठवण्याचा मनोदय मुंबई उच्च न्यायालयाला सांगितला. ते घडले नाही. नंतर गुजरातमधील प्रयोगशाळेचे मत घेण्याचे ठरले. शस्त्राचे सुटे भाग ठाण्याजवळच्या खारेगाव खाडीत टाकल्याच्या माहितीवरून तेथेही शोध घेण्यात आला.

तीन राज्यांतील प्रयोगशाळा एकाच चार-दोन गोळ्यांकडे पाहतात आणि त्यांचे म्हणणे जुळत नाही, यात कोणाची लबाडीच असते असे मानण्याचे कारण नाही. खुणा जुळतात की नाही हा निर्णय अखेर सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्याचा असतो. किती ओरखडे जुळले म्हणजे ‘जुळले’ म्हणायचे, याचा जगभर मान्य झालेला एक आकडा नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने २०१६ च्या अहवालात म्हटले की या पद्धतीची अचूकता नीट आखलेल्या प्रयोगांनी पुरेशी सिद्ध झालेली नाही. तेव्हापर्यंत त्या दर्जाचा एकच अभ्यास परिषदेला आढळला होता. तेथील तज्ज्ञांनी या मताला विरोध केला आणि नंतर नवे प्रयोगही झाले. परंतु ‘शंभर टक्के हेच शस्त्र’ असे साक्षीत ठणकावून सांगण्याची प्रथा त्यानंतर तेथे मागे पडू लागली. भारतात अहवालातले ‘जुळते’ हे एक क्रियापद अजूनही पुरेसे मानले जाते. किती पट्टे तपासले, किती जुळले, किती जुळले नाहीत, याची नोंद अहवालाबरोबर येण्याचा आग्रह धरणे अवाजवी ठरू नये.

तज्ज्ञाच्या मताकडे भारतीय न्यायालये कशी पाहतात, याचे एक बोलके उदाहरण दिल्लीतील जेसिका लाल प्रकरण. १९९९ मधील त्या हत्येचे पिस्तूल मिळाले नाही. दोन रिकाम्या पुंगळ्या मात्र मिळाल्या. त्या दोन वेगवेगळ्या शस्त्रांतील वाटतात, या एका तज्ज्ञाच्या मताने खटल्याला वळण दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये निर्दोषत्वाचा निकाल फिरवला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्या तज्ज्ञावर खोट्या साक्षीची कारवाई सुरू झाली होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. तज्ज्ञ मत देतो, पाहिलेली घटना सांगत नाही, ही त्यामागची भूमिका. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ४५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ यांचा आशयही हाच : तज्ज्ञाचे मत विचारात घेता येते, ते न्यायालयावर बंधनकारक नसते.

दाभोलकर खटल्याचा निकाल पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दिला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. शिक्षेचा मुख्य आधार प्रत्यक्षदर्शींची साक्ष हा होता. म्हणजे ज्या प्रकरणात गोळ्यांच्या खुणांवर सर्वाधिक चर्चा झाली, तेथे निर्णायक ठरले ते माणसांचे बोलणे. कर्नाटकात चित्र वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी कलबुर्गी हत्येचा तपास गौरी लंकेश प्रकरणाच्या पथकाकडे सोपवला. दोन्ही गुन्ह्यांतील दुवा समान असल्याचे मानले गेले, त्यात गोळ्या आणि पुंगळ्यांच्या अहवालाचा वाटा मोठा होता. तपासाची दिशा ठरवण्यासाठी हा पुरावा अत्यंत मोलाचा ठरतो. कोणी गोळी झाडली हे सिद्ध करण्यासाठी तो एकटा पुरत नाही. शस्त्र एक असले तरी हात एकच होता, असे तांब्याचा पत्रा सांगू शकत नाही.

पुराव्याचे हे बळ टिकते किंवा जाते ते बहुतेकदा प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच. शवविच्छेदनात गोळी काढताना डॉक्टरांनी पोलादी चिमटा वापरला तर त्याचेच ओरखडे कवचावर उमटतात. रबरी टोकांचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरावा, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. तालुक्याच्या शवागारात तो असतोच असे नाही. ओळखीची खूण गोळीच्या बुडावर करायची, बाजूवर नाही. कारण बाजू हाच पुरावा. रक्त लागलेली गोळी न सुकवता बंद पुडक्यात ठेवली तर तांब्यावर हिरवट थर चढतो आणि बारीक रेषा त्याखाली जातात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. राज्यांना ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी करायची आहे. घटनास्थळ त्यात आले. शवागाराचे टेबल आणि पोलीस ठाण्याची मुद्देमाल खोली यांचा प्रश्न शिल्लक आहे.

गौरी लंकेश खटल्यातील साक्षीपुरावा जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूच्या विशेष न्यायालयात सुरू झाला. पानसरे प्रकरणात कोल्हापूरच्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आरोप निश्चित केले. या खटल्यांतील गोळ्या मुंबई, बेंगळुरू आणि गुजरातच्या प्रयोगशाळांत जाऊन आल्या आहेत. प्रत्येक वेळी सील तोडले गेले, गोळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली गेली, पुन्हा सील झाली. अपिलांचे सारे टप्पे संपेपर्यंत तांब्याच्या त्या चार-पाच ग्रॅमच्या तुकड्यांवरील रेषा वाचता येतील अशा राहाव्या लागतील. हत्येचे शस्त्र ज्या प्रकरणात मिळालेले नाही, तेथे त्या रेषांची दुसरी प्रत कोठेही नाही.